‘कॅसाब्लँका’आधीचा बोगार्ट

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हॉलिवूड अभिनेता हम्फ्री बोगार्टवरचा लेख थेट ‘कॅसाब्लँका’पासून (१९४२) सुरू होतो, हे खटकले. त्याआधी अनेक वर्षे हा गडी वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपटांत जेम्स कॅग्नी नाहीतर एडवर्ड रॉबिन्सनच्या गोळ्या खाऊन मरत होता! ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’मधला (१९३६) गुंडही रॉबिन्सनच्याच वाट्याला जायचा, पण ब्रॉडवेवर ती भूमिका बोगार्टने गाजवलेली, म्हणून नायक लेस्ली हॉवर्ड त्याच्यासाठी अडून बसला. बोगार्टने पुढे मुलीचे नाव लेस्ली ठेवले. ‘हाय सिएरा’ आणि ‘द माल्टीज फाल्कन’ (दोन्ही १९४१) तर जॉर्ज राफ्टने नाकारले म्हणून पदरात पडले. ‘हाय सिएरा’च्या श्रेयनामावलीत तरीही नायिका आयडा लुपिनोचे नाव बोगार्टच्या वर आहे. या काळावर स्वतंत्र लेख छापावा.

– एक वाचक, सांगली