पूर्ण भूल की लोकल, हे रिसेप्शनवर कसं काय ठरतं?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अक्कलदाढ काढताना पूर्ण भूल (बेशुद्ध करून) घ्यायची की लोकल (सुईने तेवढाच भाग बधिर करून), याबद्दलचं हे पत्र जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा, पण एनबीएमचा (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही) किस्सा तेवढा ठेवा, कारण त्याच्यासाठीच लिहायला बसलेय.

गणपतीत माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ सुजली. वय सत्तेचाळीस, म्हणजे अक्कल यायची ती येऊन गेली असं घरचे म्हणतात, पण दाढ अर्धी बाहेर अर्धी हिरडीखाली अशी कित्येक वर्षं पडून होती. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, मोदक कुस्करून दुधात घालून खाल्ला. शेवटी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले, तिथे ओपीजी काढला (तो जबड्याचा गोल फिरून काढतात तो एक्सरे) आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, आडवी आहे, काढावी लागेल, बाकी बाहेर सांगतील. बाहेर म्हणजे रिसेप्शनवर. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, मॅडम तुम्ही पूर्ण भूलच घ्या ना, काही कळणारच नाही, एक दिवस ऍडमिट, चारही दाढा एकदमच काढून टाकू, पॅकेज आहे. मी म्हटलं, दुखतेय एक, बाकीच्या तिघींनी काय केलंय? त्यावर तिने आत बघितलं, आत कोणी नव्हतं.

आता मला कुणी सांगा, माणसाला बेशुद्ध करायचं की नाही हे रिसेप्शनवर ठरतं का? आणि एस्टिमेट पाचपट होतं लोकलच्या, ते वेगळंच. माझ्या मेडिक्लेममध्ये दातांचं काम अपघात असेल तरच बसतं, म्हणजे सगळं खिशातून.

मी दुसरीकडे गेले, पंचवटीत, आमच्या ओळखीच्या वहिनी जातात त्या डॉक्टरांकडे. त्यांनी तोच एक्सरे उजेडात धरला आणि पेनाने दाखवलं की ही दाढ पुढच्या दाढेवर कलली आहे, आणि हा जो बारीक पट्टा दिसतोय ना मुळाखाली, ती खालच्या ओठाला जाणारी नस, तिच्यापासून मुळं थोडी लांब आहेत म्हणून बरंय, नाहीतर ओठ काही आठवडे किंवा क्वचित कायमचाही बधिर राहू शकतो. मग बीपीची गोळी कुठली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शुगर, ऍलर्जी, पूर्वी कधी इंजेक्शनने चक्कर आली होती का, सगळं विचारलं. आणि सांगितलं की आज नाही काढायची. हिरडीत पू असला की तिथलं आम्ल वाढतं आणि भुलीचं औषध नीट लागत नाही, आधी पाच दिवस गोळ्या, मग या. मला वाटायचं "मला भूल लागतच नाही" म्हणणारी माणसं नखरे करतात. त्यातले कितीतरी बिचारे सुजलेल्या दाढेवर घाईत इंजेक्शन घेतलेले असणार.

काढली त्या दिवसाचं सांगते कारण बायका मला तेच विचारतात, ताई सुई किती मोठी होती. बघितली नाही, डोळे मिटले होते. गालाच्या आत अगदी मागे टोचलं, दुखलं, मुंगी नाही चावली, चांगलं दुखलं, पण पाच-सात सेकंद. मग छाती धडधडायला लागली, मला वाटलं संपलं, तर डॉक्टर म्हणाले औषधात थोडं ॲड्रिनलीन असतं, रक्त कमी यावं आणि भूल टिकावी म्हणून, ते मिनिटा-दोन मिनिटांत जाईल, आणि गेलं. दहा मिनिटांनी ओठ हा माझा राहिलाच नाही, गार भाकरी लटकवल्यासारखा. त्यांनी हिरडीला टोचून विचारलं आणि सांगितलं की दाब कळेल, आवाज कळेल, दुखणं कळणार नाही, दुखलं तर डावा हात वर करा. हे एक वाक्य पाचपट पॅकेजपेक्षा कामाचं होतं. कारण पुढे दाढेचे दोन तुकडे केले तेव्हा डोक्यात कट्ट असा आवाज झाला, शेवग्याची शेंग मोडावी तसा पण कानाच्या आत, आणि मला माहीत नसतं तर मी खुर्चीतून उठून थेट गोदाघाटावर पोचले असते. एकदा हात वर केला, थांबले, अजून थोडं औषध दिलं. साधारण पस्तीस मिनिटं, तीन टाके. येताना तोंडात कापसाचा बोळा, रिक्षावाला विचारतोय ताई कुठे, मी मोबाईलवर टाईप करून दाखवलं इंदिरानगर, त्याने द्वारकेच्या सिग्नलला मागे वळून मान हलवून विचारलं, दाढ का?

आता कुणाला वाटेल ही बाई लोकलची जाहिरात करतेय. तसं नाही. माझ्या नणंदेचा मुलगा, बावीस वर्षांचा, अंबडला कंपनीत आहे, त्याच्या चारही अक्कलदाढा काढायच्या होत्या आणि खालच्या दोन तर पूर्ण हाडात आडव्या झोपलेल्या, शिवाय हा पठ्ठ्या रक्त तपासायला गेला तरी सुई बघून खुर्चीतून घसरतो. त्याला जागं ठेवून दीड-दोन तास तोंड उघडं ठेवायला लावणं म्हणजे त्याचाही छळ आणि डॉक्टरांचाही. त्याला पूर्ण भूल हेच बरोबर होतं आणि त्याला कुणी घाबरट म्हटलं की मला राग येतो. मर्द असशील तर लोकल घे, असं त्याचे मित्र म्हणाले. काय संबंध?

तर एनबीएम. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या हातात इंग्रजी छापील चिठ्ठी दिली, त्यात बाकी मजकुरात एक ओळ, एनबीएम आफ्टर मिडनाइट. त्याला वाटलं एखादी गोळी आहे, मेडिकलवाल्याला दाखवू सकाळी. नणंदबाईंनी पहाटे उठून पोराला चहा आणि चार पार्लेजी दिले, उपाशीपोटी कसं पाठवायचं ऑपरेशनला. आठ वाजता भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं काय खाल्लं, यांनी अभिमानाने सांगितलं. झालं, ऑपरेशन रद्द. नणंदबाई चिडल्या, अहो दाताचंच तर काम आहे, चहाने काय होतं. मॅडम बरोबर होत्या. पूर्ण भूल दिली की खोकला, ठसका, गिळणं सगळं झोपतं, पोटातलं वर आलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि ते दाताच्या कामापेक्षा फार मोठं दुखणं आहे, जिवावरचं. म्हणून खाल्ल्यापासून साधारण सहा तास, आणि दुधाचा चहा हा खाण्यातच धरतात, साधं पाणी तेवढं दोन तास आधीपर्यंत चालतं, तेही त्यांनी सांगितलं तर. हे मला नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावलं. चिठ्ठीवर मराठीत "रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही" एवढं लिहिलं असतं तर त्याची सुट्टी, ऑपरेशन थिएटरची वेळ आणि त्या मॅडमची सकाळ तिन्ही वाचलं असतं. महाराष्ट्रभरच्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना डिग्री देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे, 1998 पासून, आणि आपल्याच गावात पेशंटला एनबीएम मेडिकलमध्ये विचारावं लागतं.

पुढच्या आठवड्यात त्याचं व्यवस्थित पार पडलं. पण "काही कळणारच नाही" हे अर्धंच खरं निघालं. उठल्यावर नाक दुखत होतं, कारण तोंडात काम म्हणून श्वासाची नळी नाकातून घालतात, हे आधी कुणी बोललं नव्हतं, त्याला वाटलं झोपेत कुणी बुक्का मारला. घसा खरखरत होता, दोनदा उलटी झाली. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढत गेली, तोंड आठवडाभर नीट उघडेना. सूज, टाके, नसेचा धोका हे दाढ कशी बसली आहे त्यावर आहे, तुम्ही झोपला होता का जागे त्यावर नाही. आणि गंमत म्हणजे बेशुद्ध असतानाही त्याला लोकलचं इंजेक्शन दिलेलं होतंच, उठल्यावर लगेच ठणकू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला बाईक काढून निघाला होता, त्याच्या आईने चावी लपवली म्हणून वाचला, चोवीस तास गाडी चालवायची नसते.

मधला पण एक रस्ता असतो, शिरेतून गुंगीचं औषध देऊन त्यावर लोकल, माणूस जागा असतो, विचारलं तर हं हं करतो आणि नंतर फारसं आठवत नाही. तिथेही ऑक्सिजन, नाडी बघायला शिकलेला माणूस हवा आणि घरी न्यायला कुणी हवं. हा रस्ता आहे हेच आम्हाला दोन्हीकडे कुणी सांगितलं नाही, माझ्या मुलीने वाचून सांगितलं. तिनेच सांगितलं की दात उपटताना गुंगवायचा नाद दातांच्या डॉक्टरांचाच, 1844 मध्ये अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसवणारा वायू हुंगून आधी स्वतःची दाढ काढून घेतली, मग इतरांना दिला. मला तो माणूस आवडला.

लोकलवाल्यांनीही शहाणपणा सोडू नये. ओठ तीन-चार तास बधिर असतो, माझा चहा हनुवटीवरून ओघळला तो मला साडीवर डाग दिसल्यावर कळला. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा तर दाढ काढून तासाभरात मिसळ खायला गेला, तर्री मारके, आणि स्वतःचा ओठ इतका चावला की दाढेपेक्षा ओठाचे टाके जास्त. आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांनो, स्ट्रॉने ताक पिणाऱ्यांनो, पहिल्या दिवशी चुळा भरणाऱ्यांनो, त्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली तर चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो, तेव्हा भूल कुठली घेतली होती हे आठवणार पण नाही.

माझं म्हणणं एवढंच की कुठली भूल आणि माझ्याच बाबतीत ती का, हे एक्सरे दाखवून दात काढणाऱ्या डॉक्टरांनी सांगावं, पूर्ण भूल असेल तर भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटावेत, सही टेबलावर आडवं झाल्यावर घेऊ नये आणि कागद मराठीत असावा. नाशिकच्या डेंटिस्ट मंडळींना हे फार मोठं काम नाही, एक पान आहे.

माझी डावीकडची पण आहे अजून. ती दिवाळीनंतर काढायची ठरलीय, लोकलच घेणार, आणि त्या दिवशी सकाळी पोटभर उपमा खाऊन जाणार आहे. डॉक्टरांना विचारलंय, चालतं म्हणाले.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये, नणंदबाई आपलाच पेपर वाचतात)