काका, ती केबल आता गार असते

सत्तर वर्षांची गाडी रोजच्या कामाला वापरणार म्हटल्यावर घरचे हसले. आज ती पहिल्या सेल्फला सुरू होते, आणि ज्यांच्यामुळे होते त्यातल्या निम्म्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.

सगळ्यात आधी ते काका. भर उन्हात चढावर गाडी बंद पडली. टाकीत पेट्रोल होतं, स्पार्कही येत होता. त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला नुसता हात लावून पाहिला, त्यावर ओलं फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "थांब जरा, आत पेट्रोलची वाफ झालीय." दहा मिनिटांत इंजिन चालू! जाता जाता चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना ओढतो त्या) केबलकडे बोट दाखवून म्हणाले, "ही एवढी का तापते ते बघ." घरी येऊन पाहतो तर इंजिन आणि चॅसिसमधली, करंट बॅटरीकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली. स्टार्टरचा सगळा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परतत होता, आणि मी महिनाभर बॅटरीला शिव्या घालत होतो.

पॉइंटची (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) ०.४ मिलिमीटरची गॅप फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) कशी घ्यायची हे दाखवणाऱ्या ताई (तीनदा चुकू दिलंत, बरं केलंत). इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात, ते आधी बदल, असं दटावणारे दादा. आणि मागचा दिवा लागत नाही हे सांगायला सिग्नलला धावत आलेला तो मुलगा.

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पट्टी नवीन बसवलीय.