आशाताईंना काम सांगायचं तर कागदावर सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

आशांच्या, म्हणजे गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंच्या, मानधनावर तुमच्या पेपरात मधूनमधून येतं ते मी वाचतो. पण पैशाच्याही अलीकडची एक गोष्ट आहे, त्यांना काम सांगितलं कसं जातं, त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो.

माझं तालुक्याच्या गावात झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी पाच-सहा आशाताई एकदम आल्या आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तोच एक तिरका काढलेला फोटो असला की समजायचं, काल रात्री त्यांच्या कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवीन फॉर्म पडलाय. अक्षर लागत नाही, खालची सही कापलेली, तारीख नाही, मी आपला तो सरळ करून, जरा काळा करून गठ्ठा काढून देतो, पैसे त्यांच्या पर्समधून. थोड्या दिवसांनी परत येतात, दादा तो फॉर्म बदलला, आता एक रकाना जास्त आहे. ह्याचे किती मिळणार विचारलं तर म्हणतात अजून काही सांगितलं नाही. कधीपर्यंत द्यायचंय? उद्या!

आता ह्याच्यासमोर नवजात बाळाला घरी जाऊन बघायचं काम ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. वजन करायचं, ताप बघायचा, बाळ अंगावर पितंय का बघायचं, काय दिसलं तर दवाखान्यात पाठवायचं हे सगळं फॉर्मवर छापलेलं असतं, आणि सगळ्या भेटी झाल्या की 250 रुपये. रक्कम तुटपुंजीच आहे, पण ती ठरलेली आहे म्हणून बाई हक्काने मागू शकते, बिलात नाही आली तर भांडू शकते. हे काम 2011 पासून देशभर आशांकडे आहे आणि त्याचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत तिथल्याच बायकांना शिकवून आधी करून बघितलं, नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, ते 1999 मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. आधी गावात करून बघितलं, मग कागदावर आलं, आणि आता सूचना आधी ग्रुपवर येतात आणि कागद नंतर आला तर आला.

ह्यात पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना किंवा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांना शिव्या घालण्यात अर्थ नाही. वरून व्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, सांगतात की संध्याकाळपर्यंत आकडा पाहिजे, मग तेही ग्रुपवर ढकलतात. गटप्रवर्तकाच्या अंगावर वीस-पंचवीस आशा असतात, तिची स्वतःची नोकरी पक्की नाही, ती कुणाला लेखी मागणार.

खरी गोम 2005 पासूनची आहे. हजार लोकसंख्येमागे एक आशा घेतली तेव्हा ती स्वयंसेविका, तिच्या नेहमीच्या रोजीरोटीला धक्का लागू नये असं काम, असं ठरलं होतं. नोकर नाही म्हणून सेवानियम नाहीत, आणि सेवानियम नाहीत म्हणून कामाला नाही म्हणायची सोय पण नाही. 2023-24 च्या संपांत मानधनाबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती नको ही पण मागणी होती, मार्च 2024 मध्ये राज्याने मानधनात महिन्याला 5000 रुपये वाढवले ते चांगलंच झालं, पण ग्रुपवरचे हुकूम काही थांबले नाहीत.

अजून एक, जे सांगायला मलाच कसंतरी वाटतं. ह्या फोटोंत कधी कधी पेशंटच्या याद्या असतात. गरोदर बायका, टीबीचे पेशंट, नावानिशी, आणि त्या माझ्या कॉम्प्युटरवर येतात. मी पुसून टाकतो हो, पण मला झेरॉक्सवाल्याला गावात कुणाला टीबी आहे हे कशाला कळायला पाहिजे? ग्रुपवर काय टाकायचं नाही ह्याची एखादी सूचना कुणी काढली तर ती मी फुकट छापून देईन.

म्हणणं एवढंच आहे की काम सांगायचं तर मराठीत एक पत्र काढा, त्यावर तारीख, जावक नंबर, कुणाची सही, किती दिवसांचं काम आणि त्याचे किती रुपये हे असूदे, आणि फॉर्म पीएचसीतून छापून द्या, माझं गिऱ्हाईक कमी झालं तर होऊदे. साथ आली, पूर आला तर फोनवर सांगा, कुणी नाही म्हणत नाही, पण नंतर चार दिवसांत कागद आलाच पाहिजे. नाहीतर केलेल्या कामाचा पुरावा काय, तर डिलीट झालेला मेसेज.

केंद्राच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत आशांसाठी जिल्ह्याला तक्रार निवारण समिती करायला सांगितलंय. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना विचारलं तर ती कुठं बसते हे एकीलाही सांगता आलं नाही. तुमच्या प्रतिनिधीने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावं की ह्या समितीत कोण कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली, आणि जे उत्तर मिळेल ते छापावं.

– एक झेरॉक्सवाला वाचक
(नाव-गाव छापू नका, ताईंना त्रास व्हायचा.)