फुले वाड्याचं घरपण राहू द्या

महोदय,

गेल्या रविवारी नातीला घेऊन पुण्याच्या गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात गेलो होतो. लोक येत होते, फोटो काढून दहा मिनिटांत निघत होते. नात तुळशी वृंदावनापाशी थबकली. ‘आजोबा, समाधी घरात कशी?’ उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला.

जोतीरावांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, दहन करू नका, मिठात घालून पुरा. घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पण वस्तीत दफनाला नगरपालिकेने परवानगी नाकारली. मग दहन झालं आणि अस्थी इथे आणून ठेवल्या. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं विस्तवाचं मडकं, कोणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले, कारण त्यांचा मुलगा यशवंत दत्तक! तेव्हा सावित्रीबाईंनीच टिटवं उचललं आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या. नात म्हणाली, ‘एकट्या?’

हा यशवंत ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८६३ मध्ये या दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या विधवांची बाळंतपणं सावित्रीबाईंनी केली. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणजे सुधारणा सभेत नव्हे, पाणवठ्यावर आणि बाळंतिणीच्या खोलीत चालली होती. तरी वाडा ओळखला जातो तो एकट्या महात्मा फुल्यांच्या नावाने. हे मला खटकतं.

१८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे स्मारक व्हायचं आहे, जरूर व्हावं. पण ती खोली, ती जमीन आता परत येणार नाही. म्हणून गंज पेठेतल्या वाड्याच्या विस्ताराची चर्चा कानावर आली की धास्ती वाटते. आजूबाजूला हवं तेवढं भव्य बांधा, पण मूळ घर त्यात बुजू नये. आणि आलेल्या मुलांना जागेवर उभं करून हे सांगणारं कोणीतरी माणूस तिथे असू द्या. नुसत्या पाट्यांनी भागत नाही.

माझ्यासारखे निवृत्त शिक्षक पुण्यात पुष्कळ आहेत. रविवारची सकाळ मी देईन, मानधन नको.

— एक निवृत्त शिक्षक, पुणे