पोटगीत सगळं आलं? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मुलाची पोटगी वाढवून मिळावी, या माझ्या अर्जावर काल कौटुंबिक न्यायालयात पुन्हा तारीखच मिळाली. आदेश झाला तेव्हा तो बालवाडीत होता, आता नववीत आहे. रक्कम तीच : महिना ८ हजार.

दातांना तार बसवायला डॉक्टरांनी ३५ हजार सांगितले. निम्मे मागितले, तर त्याच्या वडिलांचा मेसेज आला : ‘पोटगीत सगळं आलं.’ पुढे जोडलेले हात. शाळा, व्हॅन, क्लास, दात आणि दर जूनला आखूड होणारी पँट, सगळं ८ हजारांत! मी नोकरी करते, माझा वाटा उचलतेच. पण दोघांच्या कमाईच्या प्रमाणात खर्च वाटा म्हटलं, की मी पैशाला हपापलेली ठरते.

२०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालय वेगळं काय म्हणालं? दोघांनी उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं. आई पुरेसं कमावत असेल, तर शिक्षणाचा खर्च प्रमाणात वाटता येईल. आमच्याकडचं शपथपत्र वाचण्यासारखं आहे. धंदा तोट्यात, गाडी भावाच्या नावावर. तपासतंय कोण?

शाळांना दर दोन वर्षांनी फी वाढवायची सोय तुमच्याच २०११ च्या कायद्यात आहे. पोटगी वाढवायला मात्र नवा अर्ज, नवी वकील फी. महागाई भत्त्यासाठी कुणा साहेबांना वकील लावावा लागल्याचं ऐकलं नाही. थकबाकी वर्षाच्या आत मागितली नाही, तर वसुलीचं वॉरंटही निघत नाही. आणि मुलगा अठराचा झाला, की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या पोटगीच्या कलम १४४ चा (जुन्या १२५ चा) दरवाजा बंद. कॉलेजची फी अठरानंतरच भरायची असते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नसावं. त्यांची मुलं तोवर परदेशी पोचलेली असतात.

जाहिरातीत बहिणी लाडक्या. कोर्टाच्या बाकड्यावर बसलेली बहीण कुणाची हो?

दरवर्षीची वाढ आदेशातच लिहिणं बंधनकारक करा. फी आणि दवाखाना पोटगीबाहेर ठेवून पावतीवर वाटा. पगारदारांची पोटगी पगारातून परस्पर कापा. ‘केंद्राचा विषय’ म्हणून हात झटकू नका. १९९९ मध्ये याच राज्याने दुरुस्ती करून पोटगीची मर्यादा ५०० वरून १५०० केली होती.

पावत्यांची फाइल मागवलीत तर पाठवीन.

एक आई, पुणे