ईशाचा ३.०८

एडिसन, न्यू जर्सी
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नंदू,

तुझी लांबलचक मेल वाचली. सोबत पाठवलेली तुझ्या लेकीची, ईशाची ट्रान्सक्रिप्टही (कॉलेजातल्या सगळ्या कोर्सच्या ग्रेडचा कागद) पेन घेऊन बसून पाहिली. "एवढ्या आकड्यावर तिचं डॉक्टर होणं संपलं का?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. संपलं वगैरे काही नाही. ३.०८ जीपीएवर, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेडवर, इथे मुलं डॉक्टर होतात. पण तू जे तीन बेत लिहिलेस, येत्या मे महिन्यात अर्ज, नाही जमलं तर कॅरिबियन बेटांवरचं मेडिकल कॉलेज, तेही नाही तर पुण्यात आणून एनआरआय कोट्यातून एमबीबीएस, त्यातला एकही मला पटला नाही. तिन्हींत घाई आहे, आणि ती तुझी आहे. ईशाला नाहीये. मी परवा तासभर बोललो तिच्याशी.

तुझं डोकं नीटवर चालतं, साहजिक आहे. तुझ्या सोसायटीत दर जूनमध्ये तेच चाललेलं असतं: ७२० पैकी किती, रँक किती, कुठल्या राउंडला काय लागलं. तिथे एक दिवस वाईट गेला तर पुढच्या वर्षी रिपीट करता येतं आणि जुने मार्क कुणी काढत नाही. इथे कॉलेजच्या चारही वर्षांतला प्रत्येक कोर्स हिशेबात धरतात आणि तो कायमचा चिकटतो. एमडीचे (इथे ही डॉक्टरीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) अर्ज ॲमकास नावाच्या ज्या सामाईक सेवेतून जातात, तिथे मुलांना आपला एकेक कोर्स हाताने भरावा लागतो, मग त्यांची माणसं तो ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघतात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा जीपीए वेगळा काढतात. ईशाने ऑरगॅनिकमधला सी मायनस पुसायला उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात तोच कोर्स परत करून ए आणला, पण ॲमकास दोन्ही ग्रेड मोजतं. डीओच्या (ऑस्टियोपॅथीची, डॉक्टरीचीच दुसरी पदवी, तिच्याबद्दल पुढे) अर्जात पूर्वी जुनी ग्रेड गळायची, तेही २०१७ पासून बंद झालं. म्हणून कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसणारा आणि ॲमकासने काढलेला, हे दोन आकडे वेगळे निघाले तर दचकू नकोस.

स्पर्धा किती आहे ते लपवत नाही. २०२३ साली एमडीसाठी साधारण ५२,५०० जणांनी अर्ज केले आणि २३,००० च्या आसपास जणांना प्रवेश मिळाला. मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७, एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ५११.७. काही कॉलेजं तर ३.० च्या खालचा अर्ज माणसाने वाचायच्या आधीच चाळून बाजूला टाकतात. ईशा त्या रेघेच्या वर आहे, पण जेमतेम.

आता तिच्या ट्रान्सक्रिप्टकडे ये. पहिलं वर्ष मध्यम. दुसऱ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर म्हणजे खड्डा: ऑरगॅनिक सी मायनस, फिजिक्स सी प्लस, कॅल्क्युलस मध्येच सोडलेलं. पण शेवटच्या वर्षात जेनेटिक्स ए मायनस, फिजिऑलॉजी ए मायनस, बायोकेमिस्ट्री बी प्लस. बायोकेमिस्ट्री हा या सगळ्यांत अवघड कोर्स, आणि मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्यात जवळचा. निवड समितीवरची माणसं ट्रान्सक्रिप्ट अशीच वाचतात, वर्षावार. सुरुवात चांगली आणि शेवट ढासळलेला असता तर मी तुला हे पत्र इतक्या उत्साहाने लिहिलं नसतं.

तू विचारलंस की अजून वर्षभर कोर्स घेऊन ३.०८ चा ३.५ होईल का. नाही होणार, गणित करून बघ. तिचे १२० क्रेडिट झालेत. आणखी ३० क्रेडिट घेतले आणि सगळीकडे ए आणला तरी आकडा ३.२६ वर जातो. आमटी खारट झाली आणि पातेलं मोठं असलं की वाटीभर पाण्याने काय होतं, तसंच. पण विज्ञानाच्या जीपीएचं पातेलं लहान आहे. तिचे तिथे अंदाजे ५० क्रेडिट आहेत, २.८५ ने. तेच ३० क्रेडिट विज्ञानाचे घेतले तर तो ३.२८ होतो. शिवाय ॲमकासच्या तक्त्यात पहिलं वर्ष, दुसरं वर्ष अशा ओळी असतात आणि पदवीनंतर घेतलेल्या कोर्सची ओळ वेगळी असते. त्या ओळीत ४.० दिसलं की वाचणारा थांबतो. याला इथे पोस्टबॅक म्हणतात. नाव भारी आहे, पण त्यासाठी कुठला महागडा प्रोग्रॅमच हवा असं नाही. ह्यूस्टनमध्येच एखाद्या चार वर्षांच्या सरकारी युनिव्हर्सिटीत नाव घालून वरच्या पातळीचे कोर्स घ्यायचे: सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, राहिलेलं स्टॅटिस्टिक्स. एका सेमिस्टरला दोन किंवा तीन, नोकरी सांभाळून. अट एकच, इथून पुढे बी प्लस चालणार नाही.

दुसरा प्रकार एका वर्षाच्या मास्टर्सचा. जॉर्जटाउनचा त्यातला सगळ्यात जुना. तिथे मेडिकलच्या मुलांच्याच बरोबरीने तेच कोर्स करायचे आणि त्यांच्याच परीक्षा द्यायच्या. जमलं तर जबरदस्त पुरावा. पण फसलं तर मागे फिरायला जागा राहत नाही, खर्च चाळीस हजार डॉलरच्या वर सहज जातो, आणि ती ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाही. मी तो शेवटी ठेवीन.

एमकॅट जानेवारीत द्यायचा तिचा विचार आहे म्हणे. तो रद्द करायला सांग. परीक्षा ४७२ ते ५२८ अशा मोजपट्टीवर असते, चार विभाग, दिवसाचे साडेसात तास. वर्षात तीनदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि दिलेले सगळे स्कोअर कॉलेजांना दिसतात. कमी जीपीएवाल्या मुलाचा एमकॅट मध्यम आला तर समिती म्हणते, बरोबर, अंदाज होताच. चांगला आला तर तीच समिती दुसऱ्या वर्षातल्या खड्ड्याचं कारण शोधायला लागते. तेव्हा पोस्टबॅकचं वर्ष होऊ दे, अधिकृत सराव परीक्षांत हवा तो आकडा सलग दिसू दे, मगच तारीख घ्यायची. माझा हिशेब असा आहे: २०२७ च्या मेमध्ये अर्ज उघडले की पहिल्या आठवड्यांतच अर्ज, आणि २०२८ ला कॉलेज. तेव्हा ती पंचविशीची असेल. तुला हे वय फार वाटतंय, कारण आपल्याकडे त्या वयात मुलं पीजीला लागलेली असतात. इथे पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांचं सरासरी वयच चोवीसच्या आसपास आहे.

थांबण्याचा आणखी एक फायदा तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही. तुम्ही पुण्याला परत गेलात, त्यामुळे ती कागदोपत्री कुठल्या राज्याची हा प्रश्नच आहे. मावशीकडे ह्यूस्टनला राहतेच आहे, नोकरीही तिथलीच आहे, तर सलग बारा महिने भरून, टॅक्स, लायसन्स सगळं तिथलं करून टेक्ससची रहिवासी होऊ दे. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना दहा टक्क्यांहून जास्त जागा देता येत नाहीत. म्हणजे उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या रांगेत ती उभी राहते. फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या घरात, जी इतरत्र तिप्पट-चौपट असते. अर्जही त्यांचा वेगळा, टीएमडीसास नावाचा.

आता डीओ. तू मेलमध्ये "ते कमी दर्जाचं ना?" असं लिहिलंयस, म्हणून जरा सविस्तर. ऑस्टियोपॅथीचं पहिलं कॉलेज मिसूरीत १८९२ साली निघालं. आज त्या कॉलेजांतून बाहेर पडणारा डॉक्टर सगळ्या पन्नास राज्यांत औषध लिहितो, सर्जरी करतो, आयसीयू चालवतो. हाडं-स्नायू हाताने तपासून उपचार करण्याचा एक जास्तीचा विषय त्यांना असतो, एवढाच अभ्यासातला फरक. २०२० पासून रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, जागाही दोघांना एकाच व्यवस्थेखाली आहेत. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे या जागा वाटण्याच्या वार्षिक फेरीत, इथल्या एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के मुलांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली आणि डीओच्या ९२.३ टक्के. न्यूरोसर्जरी, स्किन अशा मोजक्या शाखांत डीओला अजून चढण जास्त आहे, तेवढं खरं. आमचा ओंकार डीओला लागला तेव्हा मंडळाच्या गणपतीत एका काकांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "म्हणजे होमिओपॅथी का रे?" आज तेच काका गुडघा दुखला की पेन्सिल्व्हेनियात त्याला फोन लावतात. ओंकारचा जीपीए ईशापेक्षा फार वर नव्हता, तुला कधी बोललो नव्हतो. त्याच्या कॉलेजच्या प्रीमेड समितीने तर शिफारसपत्र द्यायलाच नकार दिला होता. एवढ्या आकड्यावर पत्र देत नाही म्हणाले. त्याने पोस्टबॅकच्या दोन प्रोफेसरांकडून पत्रं घेतली आणि काम झालं. ईशानेही त्या नव्या वर्गात पुढच्या बाकावर बसावं, ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटायच्या वेळेला, जावं. पत्रं तिथूनच येणार आहेत.

कॅरिबियनबद्दल थोडक्यात. तिथून शिकून उत्तम डॉक्टर झालेली माणसं मला माहीत आहेत. पण त्याच २०२४ च्या मॅचमध्ये परदेशी कॉलेजांत शिकलेल्या अमेरिकन नागरिकांचा आकडा ६७ टक्के आहे. जी मुलं वाटेतच गळली, मॅचपर्यंत पोचलीच नाहीत, ती यात धरलेलीच नाहीत. गळालेल्यांच्या डोक्यावर कर्ज मात्र पूर्ण राहतं. तुझा पुण्याचा बेतही याच रकान्यात येतो: नीट द्या, साडेपाच वर्षं काढा, आणि मग अमेरिकेत यायचं म्हटलं की पुन्हा त्याच ६७ टक्क्यांच्या रांगेत. तिला भारतातच प्रॅक्टिस करायची असती तर गोष्ट वेगळी. तसं विचारलंयस का तिला कधी?

पैशाचंही बघ. १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज बंद होतंय. मेडिकलला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर इतकीच सरकारी मर्यादा राहील. वरचं खाजगी बँकेकडून, म्हणजे सही तुझी. म्हणून टेक्ससवर मी एवढा जोर देतोय.

एक सांगायचं राहिलं. अर्जातल्या निबंधाला ५,३०० कॅरॅक्टरची जागा असते आणि मुलं त्यातली निम्मी त्या खराब सेमिस्टरची रडकथा लिहिण्यात घालवतात. ईशाला दोन ओळी पुरेत. उरलेल्या जागेत तिने मला इमर्जन्सीतल्या स्क्राइबच्या नोकरीचं सांगितलं तसं लिहावं. रात्रभर कार्टवरचा लॅपटॉप ढकलत डॉक्टरच्या मागे फिरायचं आणि पेशंट बोलतो ते टाइप करायचं. एक म्हातारे गृहस्थ दारात नर्सला म्हणाले छातीत काल रात्रीपासून दुखतंय, डॉक्टरला म्हणाले आत्ताच सुरू झालं, आणि ती कार्ट फिरवत असताना हळूच तिला म्हणाले, चार दिवस झाले, बायकोला सांगू नका. तिने डॉक्टरला गाठून सांगितलं आणि नोंद बदलली. हे सांगताना तिचा आवाज ऐकायला हवा होतास, लेका. ही पोरगी पेशंटचं ऐकते.

तर आता असं कर. तिला म्हणावं, या महिन्यात सगळ्या कोर्सचा एक तक्ता करून मला पाठव: कोर्स, क्रेडिट, ग्रेड, विज्ञानाचा की इतर. वरचे ५० आणि २.८५ मी अंदाजाने धरलेत, ते नक्की करून घेऊ. स्प्रिंग सेमिस्टरची नोंदणी लवकरच उघडेल, कुठले दोन कोर्स घ्यायचे ते त्यावरून ठरवू. ओंकार रविवारी दुपारी मोकळा असतो, त्याचा नंबर तिला दिलाय. तू मध्ये पडू नकोस, त्यांचं त्यांना बोलू दे. आणि फोनवर तिला दर वेळी "पुढे काय?" विचारणं डिसेंबरपर्यंत तरी बंद ठेव.

वहिनींना नमस्कार. मेधा विचारते आहे की फेब्रुवारीत आम्ही येतोय, तेव्हा तुझ्याकडे चार दिवस राहिलो तर चालेल का.

तुझा,
बाळू