चेनसॉच्या आवाजावरून भांडायला आलेल्या फिटरकाकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चेनसॉला, म्हणजे आमच्या साखळीच्या यांत्रिक करवतीला, धार लावायला शिकवलंत, त्याबद्दल समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय संपवता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

तुम्ही खरं तर भांडायला आला होता. जूनचा पहिला मोठा पाऊस, गेटात आडवी पडलेली गुलमोहराची फांदी आणि सकाळी सातला माझ्या हातात किंचाळणारा चेनसॉ. शेजारच्या बिल्डिंगमधून लुंगीवर छत्री घेऊन तुम्ही आलात. म्हटलं, आता आवाजावरून खरडपट्टी. ती निघालीच, पण भलत्याच कारणाने. "अहो सेक्रेटरी, ही कापत नाहीये, घासतेय. बंद करा आधी!" मग वाकून चिमूटभर भुसा उचललात. "हा बघा, मैदा. धार असली की झिलप्या पडतात."

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर सोसायटीने हे यंत्र घेतलं, तेही पडलेल्या फांद्यांपुरतं. उभ्या झाडाला हात लावायचा तर 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे मी दर सभेत सांगतो आणि दर सभेत कुणीतरी नारळाचा विषय काढतोच. असो. धार गेली की साखळी एका दुकानात टाकायचो. चाकावर दोन मिनिटांत काम. तुम्ही चष्मा वर करून दातांची निळी पडलेली टोकं दाखवलीत. "भाजलंय हे. पाणी उतरलं पोलादाचं. आता धार टिकेल कशी?" गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना मलाच चटका बसला.

दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात गेलो. चार एमएमची गोल कानस मागितली, तर दुकानदार म्हणाला, "सव्वा सूत ना?" तुमचाच शब्द! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमची साखळी कड्यांच्या मापाने तीन सुती, लो प्रोफाइल म्हणजे बुटकी, तिला सव्वा सूत; .325 इंचाची असती तर दीड सूत लागली असती. पाच वर्षं मशीन वापरूनही हे मला माहीत नव्हतं.

धार तुम्ही स्वतः लावून दिली असतीत तर वीस मिनिटांत मोकळे झाला असता. तसं केलं नाहीत. यंत्र चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढायला लावलीत, हातमोजे घालायला लावलेत, बार, म्हणजे साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी, शिकंज्यात धरलात आणि काकूंच्या नेलपॉलिशने पहिल्या दातावर टिकली लावलीत, म्हणजे कुठून सुरुवात केली ते विसरायला नको. एकूण 28 दाते, 14 डावे, 14 उजवे. सगळ्यात आखूड दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणायचे. तीस अंशांत कानस धरून आतून बाहेर ढकलायची. "परतताना उचल! मागे ओढलीस की कानस मेली." (एव्हाना मी सेक्रेटरीचा 'अरे' झालो होतो.) तीन हात मारून झाले की दाताच्या कडेवर उजेड धरून बघायचा: बोथट कड चमकते, धारदार कड दिसतच नाही. बाराव्या दाताला ती चमक नाहीशी झाली तेव्हा तुम्ही नुसते "हं" म्हणालात. ते "हं" मी अजून जपून ठेवलंय.

दातापुढची ती बुटकी गाठ मी कधी पाहिलीच नव्हती. दात झिजून खाली जातो आणि गाठ तेवढीच राहते, म्हणून यंत्र लाकडात शिरतच नाही. तिथे चपटी कानस मारायची, 0.65 मिलिमीटरचा फरक राहील इतकीच. जास्त घासली तर साखळी लाकडाला हिसका मारते, हेही बजावलंत. आणि टाकीतलं स्कूटरचं जुनं काळं ऑइल वासावरून ओळखून जो अपमान केलात, तो मला मान्य आहे. आता बारचं तेलच घालतो. टोक वर्तमानपत्रावर धरून तेलाची रेघ उमटते का, तेही बघतो.

एक सांगायचं राहिलं. ही असली साखळी 1946 च्या सुमारास अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचली, ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहून. अळी जबड्याने डावीकडे-उजवीकडे कुरतडत पुढे सरकते, म्हणून आपल्याकडे 14 डावे, 14 उजवे.

तुमची लाकडी मुठीची कानस अजून माझ्याकडेच आहे. रविवारी घेऊन येतो, साखळीही आणतो. उजव्या बाजूचे चार-पाच दाते माझ्याकडून अजून आखूडच होतात आणि काप उजवीकडे वळतोय की डावीकडे, यावरून वॉचमनचं नि माझं एकमत होत नाही. चहा बिनसाखरेचा सांगून ठेवा.

आपला,
शेजारचा सेक्रेटरी, मुलुंड